डाव्या अंगाला बस

तिकडं न्हवं गं, हिकडं ये. डाव्या अंगाला बस. त्या उजव्या कानात तू वरडून वरडून मेलीस तरी मला काय ऐकू यायचं न्हाय. हां, आता बोल. काय म्हनलीस, तेजश्री? ब्येस नाव हाय. मगाशी काळा कोट बघून मी तुला वकीलच समजले की! शिकाऊ व्हय? म्हंजी कालेज हितंच सोलापुरात, आनि म्हैनाभर ह्या सरकारी वकिलाच्या हापिसात काम शिकायचं—बरं हाय. आमच्यात लगीन ठरलेल्या पोरीला चुलीम्होरं बसवून भाकरी थापाया लावत्यात, तसलंच हे. वाकडी झाली तरी चालतीया, पन बसायचं. आनि सायबानं तुला आज काम काय दिलं? तर गोजरबाईपाशी बस, तिचा पोलिसातला जबाब तिला वाचून दाखव, म्हातारी तयार झाली की मला सांग. वाच की मग. मी कुटं न्हाय म्हनते?

हां, ऐकलं. ‘भीमाने कुऱ्हाडीच्या दांड्याने माझ्या उजव्या कानावर मारले.’ बराबर लिवलंय. पन पोरी, आता तसं न्हाय सांगायचं. मी पडले म्हनून सांगायचं. अगं, डोळं फाडून काय बघतीस? का म्हनून म्हंजी—माझी नात पिंकी हाय न्हवं, तिचं लगीन ठरलंय, तुळशीचं लगीन झालं की बार उडवायचा—आनि कुनासंगट? ह्या भीमाच्याच पोरासंगट! पृथ्वीराज. कालेजच्या येष्टीत जमवलं दोघांनी, आमाला इचारतंय कोन? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हनत्यात—हितं दांडा आदी बसला, नि गोत मागनं झालं! आता व्हनाऱ्या इवायाला जेलात धाडून मांडवात कुनाला बसवू? सायबाला म्हनलं, आमचं मिटलंय, तुमी बी मिटवा. तर सायब म्हनतो, आजी, ह्या कलमात तडजोड चालत न्हाय. घ्या! भांडान आमचं, कान माझा, आनि तडजोड ह्यांना चालत न्हाय.

त्यो बघ, समोरच्या बाकड्यावर, पांढरी टोपी—त्योच भीमा. एवढं टक लावून बघू नको गं! शेंगा खातोय बघ कसा, लग्नाला आल्यागत. मगाशी मला च्या आनून दिला. च्या दिला, बिस्कुट दिलं, पन त्या दिसापासनं आजपातुर ‘चुकलं’ एवढं काय तोंडातनं निघालं न्हाय. माझ्या शेळ्या त्याच्या डाळिंबात घुसल्या, हे खरं. झाडं खाल्ली, ते बी खरं. म्हनून काय बाईमानसाच्या कानावर दांडा घालत्यात? जाऊ दे. मिटलंय म्हनले न्हवं. मिटलंय.

तर माझं एक काम कर. तुमच्या कालेजात नकली कोर्ट भरवत्यात म्हनं, एकानं वकील व्हायचं, एकानं जज व्हायचं—तू वकील हो, मला इचार, मी पडल्याचं सांगते. सराव नको व्हय? काय, तुला चालत न्हाय? सरकारच्या बाजूची हाईस? अगं तू कसली सरकार, तू शिकाऊ! इचार गपगुमान. हां. कुटं पडले? गोठ्यात. कशानं? शेनावरनं पाय घसरला. कुठल्या अंगावर? डाव्या. मग उजवा कान कसा गेला? ...आगं बया! लई बारीक इचारतीस गं तू. थांब—उजव्या अंगावर पडले. कानाला काय लागलं? दगुड. गोठ्यात दगुड कुटनं आला? बरं, खुंटा! खुंट्यावर पडले. आनि भीमा तवा कुटं व्हता? भीमा बांधावर हुबा व्हता की, दांडा घिऊन, डोळं लालभडक, मी म्हनतीया आरं हाकलते शेळ्या, जरा दम काढ, तवर त्या मुडद्यानं—

न्हाय न्हाय न्हाय. हे न्हाय. हे सायबाला सांगू नको. हसतीस काय? हस, मला बी हसू येतंय. खोट्याला लई सराव लागतो बाई, खरं आपलं न बोलवता तोंडात येतंय.

पन पिंकीसाठी करायला पायजे. तिला एक गोष्ट म्हाईत न्हाय—तुला म्हनून सांगते, कुनाला बोलू नको. ल्हानपनापास्नं ती ह्याच उजव्या कानाला लागून गुपितं सांगायची. आजून बी इसरती. लाडात आली की हिकडनंच येती नि कुजबुजती, मी आपली हसून मान हलवते—पोरीला कशाला वाईट वाटू द्यायचं? तर तिनं भीमाच्या पोराचं बी ह्याच कानात सांगितलं! मी हलवली मान! पोरगी घरभर नाचली, आज्जी व्हय म्हनली, आज्जी व्हय म्हनली—मला इचारशील तर कशाला व्हय म्हनले ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मग काय करू? तिचं तोंड बघून न्हाय म्हनवलं न्हाय. पोरगं चांगलं हाय. पन नीट ऐकलं असतं तर व्हय म्हनले असते का, हे आजून मला ठाव न्हाय गं.

काय? का उठलीस? पुकारा झाला? माझ्या नावाचा? कवा? दार ह्या उजव्या अंगाला, मला कुटनं ऐकू येनार... आनि हा बघ, हाच आला उठून. व्हय रं भीमा, आले, ऐकलं, वरडू नको. जा तू म्होरं.

बघितलंस? सरळ आला असता तर ह्या उजव्या अंगानं जवळ व्हतं. पन साऱ्या बाकड्याला वळसा घालून डाव्या अंगाला आला. गावात समदी तसंच येत्यात, त्यो बी येतो. ठाव हाय की त्याला कुठला कान गेला त्यो.

आनि मी खुंट्यावर पडले म्हनायचं.

बरं, हात सोड माझा. जा, सायबाला सांग, म्हातारी तयार हाय. आनि त्या भीमाच्या वकिलाला बी सांग, इचारायचं आसंल ते डाव्या अंगाला हुबा ऱ्हाऊन इचार म्हनावं. काय म्हनतीस, जजसायबानं इचारलं, का म्हनून, तर?

...इचारू दे की. जा तू.