धाकट्याच्या वाट्याचं अक्षर

—नाही हो सर, वजन उचलणारा तो मी. म्हणजे, रोज उचलणारा. तुम्ही संघासाठी शोधताय तो माझा धाकटा भाऊ, लोळ्या. घरात लोळ्याच म्हणतात, दिवसभर लोळत पडलेला असायचा म्हणून — आणि मी? मी याच व्यायामशाळेत घाम गाळायचो, गोड सोडलं, जागरणं सोडली, लग्नसुद्धा लांबवलं. आणि एक दिवस हा मला जेवायला बोलवायला खाली आला, मला हलत नव्हता तो वजनांचा बार बघितला, म्हणाला, "दादा, बाजूला हो जरा" — आणि उचलला की हो! पायात चपला तशाच!

मग स्पर्धा, पदकं, मग ते डॉक्टर. दोघांचं रक्त तपासलं. म्हणाले, स्नायूंच्या वाढीला आवर घालणारं एक प्रथिन असतं. ते कसं बनवायचं ते जनुकात लिहिलेलं — आणि याच्यात एक अक्षर बदललंय. पेशी वाचत वाचत तिथवर येते, तिला वाटतं संपलं, आणि प्रथिन अर्धवटच सोडून देते. मग आवरणार कोण? स्नायू आपले वाढतायत! आईकडे त्या जनुकाची एक प्रत चुकलेली, बाबांकडे एक — दोन्ही याच्या पदरात. माझ्या? दोन्ही बरोबर. डॉक्टर पाठ थोपटून म्हणाले, "तुमच्यात काही दोष नाही." चूकसुद्धा लाडक्यालाच!

छे, वजन उचलणं सोड असं मी नाही सांगितलं त्याला. एवढंच म्हणालो — जेवताना, आईसमोर — की यात तुझं काय रे, छापखान्याची चूक आहे ती. हसत म्हणालो हो! तो हसला नाही. ताट सरकवलं, उठला. त्यानंतर बारला हात नाही लावला त्याने. आणि मला — खरं सांगू? — मला ते जेवण फार चविष्ट लागलं.

निवड चाचणी आहे, माहितीये. तोच हवाय, तेही कळलं. मी नाही का चालणार? — नाही, सहज विचारलं. बघून तरी जा, आज अंग मोकळं आहे माझं... बरं. राहिलं.

कसला आवाज? वर घर आहे आमचं. आईचं लोखंडी कपाट सरकवतोय तो. एकटाच, बरोबर कोण लागतंय त्याला? तिला ते खिडकीपाशी हवं होतं म्हणे. सकाळभर मी घरातच होतो, सर. मला नाही सांगितलं तिने.

जिना बाहेरून आहे. त्याला म्हणावं, दादानं पाठवलंय — नको. काहीच म्हणू नका. जा आता, दार ओढून घ्या.