एका आड एक गुरुवार

पासपोर्टच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी आणि तिची भाची उभ्या होत्या.

"मावशी, सल्लागार म्हणून माझं पहिलंच मोठं काम, आणि मी बँकेच्या मोठ्या साहेबांना लाजवून आले."

"काय केलंस गं बाई?"

"लोक कार्डाने कुठे खर्च करतात, ते बघायचं होतं. नावं पुसलेली, नुसते नंबर. त्यात एक नंबर भारी निघाला. वर्षानुवर्षं नुसता किराणा आणि औषधं. मग अचानक नवे बूट, अत्तर, नाचाचा क्लास, आणि गुरुवारी चार वाजता दोन कॉफ्या."

"यात लाजण्यासारखं काय आहे?"

"मी भर बैठकीत सांगितलं, हा माणूस प्रेमात पडलाय. साहेबांचे कान लाल. नंतर हळूच म्हणाले, तेवढी ओळ काढून टाका."

"अगं आई गं. काढलीस ना?"

"काढली. पण त्यांचं काही खरं नाही, मावशी. कॉफी एका आड एक गुरुवारीच. मधला गुरुवार कोरडा. म्हणजे ती बाई टाळतेय त्यांना. आकडे खोटं बोलत नाहीत."

"बोलतात."

"कशावरून?"

"मधल्या गुरुवारी पैसे मी देते."