पाच चेंडूंचं षटक

ठक्.

इतकाच आवाज होता तो. एकोणचाळीस वर्षं झाली, अजून पहाटे कानाशी येतो. म्हणून आधी तो ऐकवला, रीत आता पाळतो. समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय प्रमिलाताई, आजच्या सत्कारमूर्ती आणि भोपाळच्या या पिपलानीतल्या दोन पिढ्यांच्या क्रीडाशिक्षिका मनोरमाताई, व्यासपीठावरील मान्यवर, शिवाजी नगर, नेहरू नगराहून बस बदलून आलेले रसिकहो, आणि मागच्या रांगांत बसलेल्या, मराठी निम्मंच कळत असूनही शहाण्यासारख्या गप्प राहिलेल्या मुलींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालक प्रसादने मला बजावलं आहे, "काका, महिला क्रिकेटमधल्या थोर खेळींवर बोला, दहा मिनिटं. कविता नको." कविता नको म्हणजे काय? चौथीत असताना गुरुजींनी छडीने टेबलावर ताल धरून आम्हाला वृत्तं शिकवली. लघु, गुरू, लघु, गुरू. तेव्हापासून मला जगात दुसरं काही ऐकूच येत नाही. चांगला फटका गुरू असतो, मंडळी. अडवलेला चेंडू लघु. आणि अख्खी खेळी म्हणजे सुरेख जमलेलं वृत्त!

आता इतिहास. १९३५ साली, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला बेटी स्नोबॉल नावाच्या इंग्लिश बाईंनी कसोटीत १८९ धावा केल्या. किती वर्षं टिकला असेल तो विक्रम? एक्कावन्न! मधल्या काळात महायुद्ध झालं, आपला देश स्वतंत्र झाला, भोपाळ राजधानी झाली, आपला कारखाना उभा राहिला, मी त्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो, आणि १८९ आपले जागच्या जागी. १९८६ च्या जुलैत इंग्लंडमधल्या वूस्टरला तो मोडला कोणी? आपल्या मध्य प्रदेशच्या संध्या अगरवालनी. १९० धावा! हो, हो, त्या इंदूरच्या. भोपाळकरांनी तोंडं वाकडी करू नयेत, विक्रमाला शहराची असूया नसते.

पुढे २००२ मध्ये टाँटनला एकोणीस वर्षांच्या मिताली राजने २१४ केल्या. २०१७ मध्ये डर्बीला ऑस्ट्रेलियापुढे हरमनप्रीतने नाबाद १७१, त्या एकशे पंधरा चेंडूंत! आणि परवा परवाच्या विश्वचषकात, उपांत्य सामन्यात ३३९ धावांचा डोंगर चढताना जेमिमाने केलेल्या नाबाद १२७ आपण सगळ्यांनी मनोरमाताईंच्या घरी पाहिल्या. बैठकीत माणूस मावत नव्हता. शतक झालं तरी त्या पोरीने बॅट उंचावली नाही. मुली आरडाओरडा करत होत्या, "दीदी, देखो, सेलिब्रेट ही नहीं कर रही!" मनोरमाताई म्हणाल्या, "अभी काम बाकी है न." आणि मी चष्मा पुसत बसलो. मला दुसरंच काही आठवत होतं. उंचावलेली एक बॅट.

प्रसाद, चिठ्ठी पोचली. पाच मिनिटं दे. ज्यासाठी उभा राहिलो ते अजून बोललोच नाही.

१८९ आणि १९० यांत अंतर किती? एका धावेचं. ती धाव कोणीतरी लिहिली म्हणून एक्कावन्न वर्षांचा विक्रम मोडला. लिहिणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही, विचारूही नये. पण त्याने लिहिली नसती तर?

जानेवारी १९८७. आपल्या इथलंच मैदान. भोपाळच्या मुली विरुद्ध नागपूरच्या मुली, चाळीस षटकं. निवड समितीचे एक गृहस्थ बाहेरून आले होते. मध्य विभागाच्या पुढच्या शिबिरासाठी एकच जागा उरली होती आणि त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, "जिचं शतक, तिचं नाव." आमच्याकडून मनोरमा सलामीला, वय वीस. नागपूरकडून कुसुम नावाची ऑफस्पिनर. दोन घट्ट वेण्या आणि तोंड असं की चेंडूपेक्षा तेच जास्त वळे. "काहो पिपलानीवाले, रन काढता का रजेचा अर्ज टाकता?" मनोरमा म्हणाली, "अर्ज मंजूर झाला की कळवते!" आणि पुढचा चेंडू थेट सायकल स्टँडमध्ये.

स्कोअरर दोन. नागपूरचे गोविंदराव आणि मी. पंचांनी चौकाराची खूण केली की स्कोअररने हात वर करून 'कळलं' म्हणायचं, आणि षटक संपलं की दोघांनी पुस्तकं जुळवायची, हा आमचा धर्म. अडतिसावं षटक कुसुमचं. गोविंदराव चहा आणायला गेले होते. मनोरमा पुढे आली आणि तिने सरळ मारलं. ठक्. चेंडू गेला, आवाज राहिला. पंचांनी खूण केली, मी हात वर केला. आणि त्या आवाजाला कुठलं वृत्त शोभेल याच्या विचारात, मंडळी, मी चार लिहायला विसरलो. चेंडूच लिहिला नाही. गोविंदराव कप सावरत आले आणि विश्वासाने माझ्या पुस्तकावरून उतरवून घेतलं. दोन्ही पुस्तकं तंतोतंत जुळली. चुकीची.

डावाच्या शेवटच्या चेंडूवर मनोरमाने चौकार मारला आणि दोन्ही हातांनी बॅट उंचावली. लोकांना वाटलं, डाव संपला म्हणून. ती आमच्या टेबलाशी आली. "किती?" मी वाचून दाखवलं, "शहाण्णव, नाबाद." ती म्हणाली, "मग माझंच मोजायला चुकलं असेल, अच्युतदादा."

संध्याकाळी घरी पुस्तक उघडलं. अडतिसाव्या षटकाच्या चौकटीत पाचच खुणा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांच्या विश्रामगृहाच्या फाटकापर्यंत गेलो. यादी अजून लागायची होती. आणि परत फिरलो. ज्या कारखान्यात केसाएवढी चूक चालत नाही तिथला मी ड्राफ्ट्समन. लोक काय म्हणतील! शिबिराला दुसरी मुलगी गेली. चांगली खेळणारी होती, तिचा काय दोष?

मनोरमाताई हात करून म्हणतायत, "बसा आता, दादा." नाही बसणार. परवा तू पुण्याला लेकीकडे जाणार, मग मी हे कोणाला सांगू?

आपल्या मैदानावर बाहेरचे संघ आले की हसतात. का? कारण आपल्या मुली प्रत्येक षटकानंतर स्वतःच्या धावा ओरडून सांगतात. "मेरे बारह!" "मेरे इकतीस, दीदी!" ही शिस्त मनोरमाताईंनी घातली. पाहुणे विचारतात, "ये क्या बाज़ार लगा रखा है?" त्या म्हणतात, "अपना रन ख़ुद गिनना चाहिए." अडतीस वर्षं मी कुंपणाबाहेरून ते ऐकतोय. त्यातली एकेक आरोळी मला उद्देशून होती का, हे विचारायची हिंमत झाली नाही. आज विचारतो.

ऐकलंत? मान हलवून 'नाही' म्हणतायत. म्हणतायत, "दादा, मला फक्त माझ्या मुलींचं शंभर पक्कं करायचं होतं." बघा, मंडळी! हिच्या हाताखालच्या सात मुली राज्याकडून खेळल्या. त्या सातजणींची शतकं ज्यांना हवीत त्यांनी मोजावीत. स्नोबॉलबाईंपासून जेमिमापर्यंत जी ओळ मी म्हटली, त्या ओळीत ही बाई बसते, असं मी या व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगतो!

ते पुस्तक मी आणलं आहे. हे पाहा. माझी इच्छा होती की अध्यक्षांसमोर सहावी खूण भरावी. पण धर्म आडवा येतो. एकट्या स्कोअररच्या शब्दावर आकडा बदलत नाही, दुसऱ्याची साक्ष लागते. गोविंदराव गेले. पंचही गेले. तेव्हा पुस्तक तसंच राहील आणि सत्य या सभागृहात राहील. ते तुमच्या हवाली करतो.

मंडळाने मला बोलू दिलं, प्रमिलाताईंनी घड्याळाकडे पाहूनही न पाहिल्यासारखं केलं, आपण ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात जे उणं झालं त्याची क्षमा एकटी मनोरमा करू शकते, आणि तिने ती...

काय झालं? मागे सगळे का वळले? दारात उभं राहून ऐकतंय कोण? या ना, आत या. ती बॅग घ्या रे कोणीतरी त्यांच्या हातातून. बाई, आपण... मनोरमा, तू का उभी राहिलीस? काय म्हणालीस? सत्काराला तू बोलावलेली कुसुम?

नागपूरची कुसुम!

थांबा, टाळ्या थांबवा, त्या काहीतरी म्हणतायत. जरा मोठ्यानं, ताई, माईक इकडे आहे.

"चौकाच होता, भाऊ! मायाच बॉलवर मारला होता तिनं. लिवा आता! तवा मले कोनी इचारलंच नाही."