माळ्यावरचं ओलं जाळं

शाळेत मधल्या सुट्टीत सुमन माझ्या शेजारी बसून डबा उघडायची. कोळंबीचं कालवण. वर्गातल्या मुली नाक दाबायच्या. सुमन म्हणायची, "दाबा, दाबा! तेवढंच आम्हा दोघींना जास्त."

मंडळी, सुमनच्या शोकसभेला तुम्ही इतके जण आलात. पण त्या सुमनला 'होती' म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शाळा संपली. मी सुरतेत शिक्षिका झाले, ती लग्न होऊन हजीऱ्याकडच्या या तुमच्या खाडीवर आली. पावसाळ्यात कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात, तेव्हा जाळं टाकायचं नाही, ही वस्तीची शपथ. सुमनचा शपथेवर भरवसा नव्हता. घराघरातली जाळी ती आपल्या माळ्यावर ठेवून कुलूप लावायची. नारळी पुनवेला परत द्यायची.

तुमच्यातलाच एकजण चिडला होता, "सुमनताई, आमी काय चोर शेतस का?"

ती हसली होती. "आज नही रे भाऊ. उद्यानं कोन्ही देखेल शे?" उद्याचं कोणी पाहिलंय, म्हणे.

काल पहाटे ती गेली, आणि लगेच तिला नेसवायची साडी काढायला मी माळ्यावर गेले. जाळी वाळून कडक झालेली. खालच्या ढिगात हात घातला, तर एक ओलं लागलं. छप्पर गळत नाही, मी पाहिलं. जाळ्यात नखाएवढी कोळंबी अडकलेली. ताजी. प्रत्येक घर आपल्या जाळ्याला खुणेची चिंधी बांधतं ना? याची चिंधी कापलेली होती.

किल्ली तिच्या उशीखाली असायची. आजारपणात तिच्याजवळ कोण बसलं? तुम्हीच. कोणी पेज भरवली, कोणी पाय चेपले. आणि उशी कोणी सारखी केली? रात्रभर मला एकेक मायेचा हात आठवत होता, आणि प्रत्येकाचा संशय येत होता. मघाशी ज्यांनी डोळे पुसले, त्यांतलाच एक असेल तो. सुमन गेली ते गेलीच. पण तिचं कुलूप ती श्वास घेत असतानाच उघडलं होतं.

पुनव अजून दूर आहे. पिल्लं अजून खाडीत आहेत. ती आत्ताच उपसलीत, तर सणानंतर होड्या कशासाठी काढणार?

श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं शांत उभं राहण्याआधी तिच्या वस्तूंची वाटणी सांगते. सुमनच्या लेकीला विचारूनच ठरवली आहे. साड्या लेकीला. शिलाईचं मशीन सुनेला. ओलं जाळं मी नेते. ज्याचं असेल त्याने सणाला माझ्या दारी येऊन मागावं. माळ्याला आता दोन कुलपं आहेत. एक किल्ली इथे बसलेल्या जशोदाबाईंना. दुसरी त्यांच्या जाऊबाईंना, कमलबाईंना. तुम्ही दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाही, हे मला ठाऊक आहे.

म्हणूनच.