बाकावरचा दुसरा डबा

जबाब देणाऱ्याचे नाव: इमेट ऑस्टरगार्ड. वय: २१ वर्षे. धंदा: जनावरांच्या खाद्याच्या दुकानात नोकरी. शिक्षण: बोझमनच्या कॉलेजात दीड वर्ष, पुढे सोडले. राहणार: कॉटनवुड फोर्क, मोंटाना.

मी शेरीफच्या कार्यालयात स्वतः हजर राहून, डेप्युटी लोइस क्रॅबट्री यांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, सगळे बदलले ते मी माझा बंदुकीच्या दारूचा डबा टॉलेफ्सन यांच्या कामाच्या बाकावर ठेवला त्या क्षणी. गॅविन प्रूएटची रायफल त्यानंतर चार दिवसांनी फुटली. डेप्युटी म्हणाल्या, रायफलीपासून सुरू कर. पण ते तिथून सुरू होत नाही.

रॉयस टॉलेफ्सन हे आपल्या गॅरेजमध्ये हाताने काडतुसे भरतात. गावातले निम्मे लोक हे काम त्यांच्या बाकावर शिकले, मीही तिथेच शिकलो. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी साफ करायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू, जिला आम्ही नुसते पावडर म्हणतो, ती मोजून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. काही पावडर सावकाश जळते, काही लवकर. सावकाश जळणारीच्या मापाने लवकर जळणारी भरली तर पुंगळीत इतका दाब होतो की रायफलीला सोसत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच, पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे असावेत तशा. डबेही सारखेच, फक्त चिठ्ठीवरचा आकडा वेगळा. म्हणून रॉयस यांचा नियम आहे की बाकावर एका वेळी एकच डबा. दुसरा कुणी आणला तर त्याने तो बाहेर ओट्यावर ठेवून आत यायचे. हा नियम मला लहानपणापासून माहीत आहे.

मार्नी ही रॉयस यांची मुलगी. मी कॉलेज का सोडले असे विचारण्यात आले. मार्नी गावात होती. ऑगस्टपर्यंत ती माझ्याबरोबर फिरत असे. नंतर ती गॅविनबरोबर फिरू लागली आणि या महिन्यात त्यांचे लग्न ठरले. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

सोमवारी संध्याकाळी मी माझ्या छोट्या रायफलीची काडतुसे भरायला टॉलेफ्सन यांच्याकडे गेलो. तिला लवकर जळणारी पावडर लागते, मोठ्या रायफलीला सावकाश जळणारी. रॉयस शिकारीचा तळ लावायला डोंगरात गेले होते, तिथे फोन लागत नाही. गॅरेजात मार्नी एकटी बसून मोठ्या रायफलीची काडतुसे भरत होती. त्यांच्या घरची रीत अशी की मुलीचे लग्न ठरले की शिकारीच्या पहिल्या हंगामाची काडतुसे ती स्वतः भरून मुलाला देते. मला हे माहीत असूनही मी विचारले, "कुणासाठी?"

"तुला माहितेय कुणासाठी."

"का, त्याचे हात मोडलेत?"

"त्याला येतात भरता. मला द्यायचीत म्हणून मी भरतेय. इमेट, तो डबा बाहेर ठेव आधी."

मी डबा बाकावर आपटला. म्हणालो, माझ्यासाठी कधी एक तरी भरलीस का?

"तू कधी मागितलंस? तू तोंड फुगवून बसायचं आणि मी ओळखायचं. दोन वर्षं तेच केलं मी. दमले."

आमचा आवाज चढला होता. मधे ती एकदा फडके आणायला उठून परत आली. त्यातच माप, म्हणजे पावडर मोजून सोडणारी बाकावरची उभी नळी, रिकामे होत आले. मार्नीने माझ्याकडे बघत बोलता बोलताच डबा उचलला, मापात ओतला आणि झाकण लावून परत ठेवला. मीही तिच्याकडेच बघत होतो. कोणता डबा ते दोघांपैकी कुणीच पाहिले नाही. नंतर ती म्हणाली, पुन्हा येऊ नकोस, फोनही करू नकोस. मी माझा डबा घेऊन निघून आलो. तिने माझा नंबर बंद केला आहे हे मला त्याच रात्री कळले.

शुक्रवारी सकाळी मी घरी माझा डबा उघडला. तो नवाच फोडलेला होता, गळ्यापर्यंत भरलेला. आता पावडर डब्याच्या खांद्याच्याही बरीच खाली होती. मी एकही काडतूस भरलेले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून हंगाम सुरू होणार होता. आदल्या दिवशी सगळे खडीच्या खाणीत नेम तपासायला जातात, म्हणून मी तडक तिकडे गाडी घातली. गॅविन एकटाच होता. मला बघून म्हणाला, "या, प्रोफेसर. आज वर्ग नाही वाटतं?"

मी म्हणालो, "मार्नीने दिलेली काडतुसं मला दे."

"काय?"

"बॉक्स दे तो. त्याच्या बदली तुला दुकानातली नवी आणून देतो."

"आणि अंगठी? तीपण तुलाच देऊ का?"

कारण लगेच का सांगितले नाही, असे डेप्युटींनी विचारले. मार्नीच्या हातून डबा चुकला हे मला गॅविनला सांगायचे नव्हते. रॉयस टॉलेफ्सनच्या मुलीबद्दल असे एकदा बोलले गेले की या गावात ते मिटत नाही. काडतुसे माझ्या हातात आली की काम झाले, असे मला वाटले.

गोळी झाडताना डोळे सांभाळायला लावतात तो चष्मा गॅविनने लावलेला नव्हता. तो म्हणाला, "बघ, ही खास तुझ्यासाठी," आणि झाडली. आवाज नेहमीपेक्षा कडक आला. बोल्ट, म्हणजे पुंगळी बाहेर काढायला मागे ओढायचा दांडा, वर उचलेना. त्याने लाकडाच्या ठोकळ्याने ठोकून तो उघडला. पुंगळी बाहेर आली तिची टोपी पार चपटी झाली होती आणि कडेने काळी पडली होती. हे दिसले की थांबायचे, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. गॅविनलाही ठाऊक होते. तो पुंगळी हातात घेऊन बघत राहिला.

तेव्हा मी सांगितले. "थांब. त्यात माझी पावडर गेलीय. चुकून."

"मार्नीने भरलेल्यात तुझी पावडर कशी जाईल?"

"मी होतो तिथे. सोमवारी."

"सोमवारी ती एकटी होती. मला तसं म्हणाली ती."

मी म्हणालो, तिने सांगितले नसेल. हे बोलायला नको होते. त्याने दुसरे काडतूस घातले. मी त्याचा खांदा धरला, त्याने कोपराने मला मागे ढकलले आणि झाडली. बोल्टजवळ रायफल फुटून उघडली, लाकूड उभे चिरले. माझ्या अंदाजाने मापात तळाला रॉयस यांची पावडर होती आणि वर माझी. म्हणून पहिल्यात मिसळ गेली असावी आणि दुसऱ्यात नुसती माझी. उरलेली काडतुसे मी कार्यालयात जमा केली आहेत. ती कुणी झाडू नयेत, उघडून बघावीत. टॉलेफ्सन यांच्या मापात राहिलेली पावडरही फेकून द्यावी.

मी गॅविनला माझ्या गाडीतून दवाखान्यात नेले. त्याच्या डाव्या हाताला टाके पडले आहेत. उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "तू सांगितल्यावरही मी झाडली, हे तिला सांगू नकोस."

मार्नीने आपल्या जबाबात म्हटले आहे की, माप इमेटने भरले आणि तसे त्याने स्वतः कबूल केले. तिने खोटे सांगितलेले नाही. मी तिला तसेच सांगितले होते. डेप्युटींनी विचारले की दोन्हीतले खरे कोणते. खरे वर लिहिले आहे ते. तिला जे सांगितले ते तिच्यासाठी होते, कार्यालयासाठी नव्हते. डबा तिने उचलला, पण तिथे ठेवला मी. माझ्या मते यात फारसा फरक नाही. डेप्युटींच्या मते आहे. मुद्दाम काही केलेले नाही, हेही लिहून घ्यावे. मार्नीला हा कागद बघता येईल का, असे मी विचारले. तिने मागितला तर द्यावा लागेल, असे सांगण्यात आले. ती मागेल असे मला वाटत नाही.

वरचे आणि याखालचे, दोन्ही डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवले. शब्द माझे आहेत, त्यात कमीजास्त काही नाही, म्हणून सही करतो. दवाखान्यात नेमके काय बोलणे झाले तेवढेच राहिले होते, ते असे.

मार्नी बाजूच्या खोलीत गॅविनचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिचे हात थांबत नव्हते. मला बघून म्हणाली, "माझं काय चुकलं, इमेट? प्रत्येक वजन मी दोनदा बघितलं होतं."

मी म्हणालो, "तुझं नाही चुकलं. तू फडकं आणायला उठलीस ना, तेव्हा माप मी भरलं. माझ्या डब्यातून."

"मुद्दाम?"

मी उत्तर दिले नाही. नाही म्हणालो असतो तर मग चूक नेमकी कशी झाली, हे तिने विचारले असते.

"त्याने झाडायच्या आधी त्याला सांगितलंस?"

"नाही."

तिने कोटाची नीट घडी घातली. मग म्हणाली, "जा इथून."

तिचे हात स्थिर झाले होते. ते बघून मी बाहेर आलो आणि दार लावून घेतले.