ब्रुनोरावांची दिवाळी

न्हाई, पण मला एक सांगा, फटाकं लावायचं का न्हाई लावायचं? हां, बोला की! मॅडम म्हणत्यात लावू नको, फॉरेष्टवाला म्हणतोय लाव, आन् मधी मी, काडेपेटी हातात घिऊन उभा... आता तुम्हीच सांगा, माणसानं करायचं तरी काय?

तुम्हाला सांगतो, मी शिक्रापूरला कंपनीत टेंपरवारी हाय, सा वर्सं झाली, टेंपरवारीच! दिवाळीच्या सुट्टीत साहेब निघालं केरळला. मॅडमनी मला बंगल्यावर बोलावलं, मला वाटलं मिठाईचा बॉक्स आसंल, तर हातात दिली साखळी! साखळीला ब्रुनो. तपकिरी, गुबगुबीत, आन् बरोबर एक कागद. "मच्छिंद्र, ह्याला फटाक्यांचा आवाज अजिबात सहन होत नाही हं. एकटं ठेवायचं नाही. तेलकट, गोड द्यायचं नाही. घाबरला तर जवळ बसून हळू आवाजात बोलायचं. परत आलो की तुझ्या परमनंटचं साहेबांच्या कानावर घालते." झालं! माझी नोकरी कुत्र्याच्या कानात जाऊन बसली की हो!

दौंडला बहिणीकडं ठिवावं म्हटलं, तर तिचं घर रेल्वेला चिकटून, दिवसभर शिट्ट्या! म्हणून नेला कवठ्याला, आमच्या वस्तीवर. चारी बाजूंनी ऊस, शेजार म्हंजी सोपानमामाचं एक घर. हात जोडलं, म्हटलं, मामा, औंदा तेवढं फटाकं नका लावू. मामा म्हणतो कसा, "आरं, येडा का खुळा तू? उसात बिबट्या हाय! परवा खालच्या वस्तीवरल्या म्हस्कूच्या दारातनं कुत्रं उचललं त्यानं! फॉरेष्टवाला सांगून गेलाय, अंधारायला लागलं की फटाकं वाजवा. न्हाई वाजवलं तर तुझा ह्यो गुबगुबीत पाव्हणा पयला जायचा!" म्हंजी बघा, लावलं तर ब्रुनो भिऊन मरणार, न्हाई लावलं तर बिबट्या खाणार! तुम्हीच सांगा, माणसानं करायचं काय?

ताट वाजवून बघितलं, तर ब्रुनोच भुकाया लागला, म्हंजी बिबट्याला आयता पत्ता! शेवटी दिवेलागणीला त्याला आतल्या खोलीत घातलं, आमच्या मंडळीनं त्याच्या कानात कापूस घातला, रेडिओ मोठ्यानं लावला, आन् मी बाहेर. सुतळी बॉम्ब पेटवायचा, धडाम्! की पळत आत, "काय न्हाई रं बाळा, कोण मुडदा फटाकं लावतोय..." पुन्यांदा बाहेर, धडाम्! पुन्यांदा आत, "गप माझ्या राजा..." भेवडवणारा मीच, समजावणारा मीच! आई चुलीपुढनं म्हणती, "मच्छिंदर, तुझ्या अंगात आलंय का रं? ब्रुनोरावांना जरा टेकू दे की!" ब्रुनोराव! सायबाचं कुत्रं, त्याला अरेतुरे कसं करायचं, म्हणून आई रावच म्हणायची.

आन् ते हुशार निघालं हो! दुसऱ्या दिवशी त्यानं माझा हात हुंगला... फटाक्याचा वास! तवापासनं मी आत आलो की ब्रुनो खाटंखाली. मी हळू आवाजात बोललो की लटलटा कापायचा. मग आईनंच जवळ घेतला, गुपचूप करंज्या चारल्या, तवा कुठं शांत झाला. खरं सांगतो, लई वाईट वाटलं. चार दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला, त्यो माझ्याकडं बघंनाच...

भाऊबीज झाल्यावर साहेब आन् मॅडम गाडी घिऊन वस्तीवर. ब्रुनो ठणठणीत! मॅडम खूश, "वा, मच्छिंद्र!" म्हटलं, आता निघतंय परमनंट तोंडातनं... म्हणून जरा पुढं झालो, तर ब्रुनो शेपूट घालून मॅडमच्या मागं! "हा तुला का घाबरतोय रे? मारलंस का ह्याला?" आता मारलं म्हणावं तर गेलो, फटाकं लावलं म्हणावं तर गेलो, बिबट्याचं सांगावं तर मॅडमच जागेवर चक्कर यिऊन पडायच्या! तुम्हीच सांगा, करायचं काय? तेवढ्यात ब्रुनो पळत जाऊन आईच्या पदराआड बसला.

मग मॅडमनी निकाल दिला. "नाताळात आम्ही गोव्याला चाललोय. आजींजवळ छान रमलाय, तेव्हा इथंच ठेवू. फक्त ते आठ दिवस, मच्छिंद्र, तू घरी थांबायचं नाहीस."

म्हटलं, "मॅडम, मग मी ऱ्हाऊ कुठं?"

"आमच्या बंगल्यावर ये. नाहीतरी ब्रुनो नसला की राखणीला कुणीतरी लागतंच!"

म्हंजी त्यो माझ्या खाटंवर, आन् मी त्याच्या फाटकाशी... जाऊंद्या. कंपनीत न्हाई तर न्हाई, राखणीला तेवढा परमनंट झालो बघा.