जुन्या भोकरवाडीची मोजणी

ऐका. आधी ते दार लोटून घ्या, मग ऐका. आणि मधेच कुणी कुणाला चिमटे काढायचे नाहीत, सांगून ठेवते.

एकाहत्तर सालची गोष्ट. शिरगणती लागली होती. आपल्या भोकरवाडीचे दोनशे अकरा उंबरे, आणि मोजायला एकटी सिंधूबाई. शाळेतली बाई. लग्न होऊन या गावात आली त्याला तीन वर्षं झालेली. दारावर गेरूनं आकडा घालायचा, उंबऱ्याशी बसायचं, घरात गडी किती, बाया किती, स्वतःचं रान कसतंय कोण, मजुरीला जातंय कोण, सगळं लिहून घ्यायचं. पंधरा दिवस उन्हातान्हात हिंडली बिचारी. आता राहिलं एकच पान. जुनी भोकरवाडी.

ओढ्यापलीकडची, हो! अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत उठलेलं गाव ते. तीन दिवस ताप, की माणूस गेलं. उरले ते ओढ्याच्या अलीकडं आले, घरं बांधली, म्हणून आपण इथं. पण सरकारी कागदावर ते गाव अजून आहे. दिवा लागत नाही, म्हणून बेचिराख. दर गणतीला तिथं जाऊन बघायचं आणि पानावर ‘निरंक’ लिहायचं. म्हणजे माणूस नाही.

रावजी कोतवाल म्हणाला, “बाई, न जाताच लिवा की. समदे तसंच करत्यात.”

“डोळ्यांनी न बघता सही कशी करू?”

“मग उद्या उजेडी जावा.”

“सकाळच्या पहिल्या एस.टी.नं कागद तालुक्याला जायचेत, रावजी.”

“शाळंत पोरं भितात तुमाला, ती भुतं न्हाईत भ्यायची,” रावजी पुटपुटला.

निघाली. दिवेलागण होऊन गेलेली. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात वही. पांदीतून चालताना तिला वाटलं, कुत्रं कसं भुंकत नाहीय? रातकिडासुद्धा नाही. नुसती आपलीच चप्पल. चट्, चट्, चट्. ओढा ओलांडला. आणि थांबली.

समोर दिवा!

अहो, जिथं भिंतीसुद्धा गुडघ्याएवढ्या उरल्यात, तिथं सारवलेलं घर! दारात बाई, मांडीवर तान्हं मूल.

“या बाई. लई वाट बघाय लावली.”

सिंधूबाई दोन पावलं मागं सरली. पण सवय वाईट. तिला वाटलं, ऊसतोडीची माणसं उतरली असतील. ती बसली आणि वही उघडली. “घरात माणसं किती?”

“चार. लिवा.”

“हे बाळ कधीचं?”

“मानमोडीच्या आदल्या पावसाळ्यातलं.”

सिंधूबाईनं लिहिलं. मग मनात हिशेब केला. चौपन्न वर्षं. चौपन्न! मांडीवरचं तान्हं तिच्याकडं बघून हसलं. तोंडभर दात होते.

उठली. पळाली. तर पुढच्या घरात दिवा लागला. “आमचं बी लिवा, बाई.” त्याच्या पुढच्या घरात लागला. “आमी सात जण.” डावीकडं लागला, उजवीकडं लागला, अख्खी आळी उजळली! दारादारांत माणसं, गुडघ्यात मान घातलेली, आणि सगळ्यांचा एकच धोशा. लिवा, लिवा, लिवा. ती नुसती धावत होती. दहा घरं मागं टाकली, वळली, तर पुढं तेच पहिलं घर! आणि दारावर ओल्या गेरूचा आकडा. एक. तिच्याच अक्षरातला. गेरूचा डबा तर तिनं आणलाच नव्हता!

तेवढ्यात चावडीवरनं एक म्हातारा उठला. पागोटं, हातात काठी. जुना पाटील.

“बाई, शंभर मेली लिवली तरी गाव बेचिराखच. एक जितं माणूस लागतंय. आमच्या वेळचा नेम ठाऊक हाय न्हवं? गणतीच्या राती जो जिथं घावंल, तो तिथला.”

“माझी... माझी मोजणी झालीय! माझ्या घरी!”

“दावा.”

तिनं वही चाळली. शेजारचं घर सापडलं. पलीकडचं सापडलं. मधलं तिचं पान? कोरं! अगं बाई गं, साऱ्या गावाची डोकी मोजली आणि आपलं घर काय, बसल्या जागी होईल म्हणून शेवटाला ठेवलं, ते राहूनच गेलं होतं!

सगळी आळी हसली. पाटलानं काठी वहीवर टेकवली आणि पेन्सिल आपोआप सरकली. जुन्या भोकरवाडीच्या पानावर अक्षरं उमटली. सिंधू.

“आता फुडचं. कुणाची? धन्याचं नाव सांगितलंस तर तू त्येच्या घरची. न्हाई सांगितलंस तर आमची.”

तिनं तोंड उघडलं. शब्द येईना! तीन वर्षांत नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. ‘अहो’ म्हणायचं, नाहीतर ‘इकडं’ म्हणायचं. सासूनं बजावलेलं, नाव घेतलं की आयुष्य घटतं. शिकलेली होती, मानत नव्हती, पण जीभ मानत होती ना! तिच्या पायांना मातीचा गारवा चढू लागला. घोट्यापर्यंत. पोटरीपर्यंत. दिवे एकेक करून जवळ आले.

“सांग की!”

“बळवंत!” ती किंचाळली. “बळवंत ज्ञानू ढेकळे! बळवंत!”

आणि काळोखातनं आवाज आला, “ओऽऽ!”

खरा आवाज! ओढ्याकाठी रावजीला घेऊन शोधत फिरत होता तो. फट्दिशी दिवे विझले. तो धावत आला तर ही पडक्या भिंतींच्या मधोमध मातीत पोटरीपर्यंत रुतलेली. दोघांनी ओढून काढली. रावजी सांगायचा, झाड उपटावं तशी निघाली.

घरी येऊन तिनं आधी आपलं पान भरलं, मग पाण्याला तोंड लावलं. तेव्हापासून भोकरवाडीत मोजणारा आधी स्वतःचं घर लिहितो.

आणि ते जुनं पान? तिनं खोडलं, रबर घासलं, कागद फाटायला आला. नाव जाईना. ‘सिंधू’, आणि पुढं मोकळी जागा. शेवटी तसंच तालुक्याला गेलं.

पोरींनो, दिवेलागणीनंतर ओढ्याच्या पांदीनं जायचं नाही. कितीही घाई असू दे. पलीकडं दिवा दिसला तरी नाही, नावानं हाक आली तरी नाही. त्या पानावरची ती मोकळी जागा अजून भरलेली नाही.